वीतभर उघडा कोपरा

३ नोव्हेंबर, सोमवार

पेज झालं.

लेक मितू काल नांदेडहून आली, दोन दिवसांची रजा घेऊन. तिथं एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. आज दुपारी दुकानात माझ्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसली आणि मोबाइलवर वाकळी विकायला पेज काढलं. मला वाटलं अर्ज भरावा लागेल, आधार कार्डाची झेरॉक्स लागेल. चहा निवायच्या आत झालं.

नावावर मात्र तास गेला. मितूला तिच्या आईचं नाव पाहिजे होतं. वाकळी शिवते सुमन, तर नावही तिचंच. सुमन म्हणाली, "माझं नाव कामून? बाजारात बाया बोटं दाखवतील." शेवटी दुकानाचंच ठेवलं. 'समता वाकळ, मुखेड'. खाली मितूनं लिहिलं, हाताने शिवलेल्या गोधड्या. म्हणे पुण्यामुंबईकडं वाकळ म्हटलं तर कळत नाही.

हे सगळं मितूच्या खोलीतल्या वाकळीमुळं. तिच्या मैत्रिणींनी ती पाहिली आणि आम्हालाही पाहिजे म्हणाल्या. माझ्या दुकानात आता नवे कपडे शिवायला फार कोणी येत नाही. चेन बदला, पँटची उंची कमी करा. हिवाळा आला की सुमन कापूस वेचायला जाते. गुडघे बोलतात तिचे, पण जाते. यंदा या पेजमुळं तिला वेचणीला जावं लागू नये. एवढंच माझ्या मनात आहे. तिला बोललो नाही.

४ नोव्हें.

सकाळी फोटो. दुकानातल्या कात्रणांची जी मोठी वाकळ सु.नं उन्हाळ्यात शिवली ती दोरीवर टाकली. मितू म्हणाली, उजेड मागून नको, पुढून पाहिजे. मग समोरच्या भिंतीवर. मग शेळी आली. शेळी हाकलली तर मितू म्हणते, "राहू द्या पप्पा, शेळीसकट छान दिसून राहिलं."

शेजारचे घड्याळवाले हमीदभाई बाहेर येऊन बघत होते. "क्या मास्टर, गुदडी के बी फोटो निकालरें अब?"

मी म्हटलं, "दुनिया बघणार आहे, हमीदभाई."

"तो मेरी दुकान बी आने दो ना फोटो में."

आली. कोपऱ्यात त्यांची अर्धी पाटी दिसते.

मितू अडीचच्या गाडीनं गेली. जाताना तीनदा दाखवलं, फोटो कसा टाकायचा, निरोप कुठं येतात, उत्तर कुठं द्यायचं. वहीत लिहून घेतलं. तरी एक-दोन बटणं सारखीच दिसतात.

५ नोव्हें. पौर्णिमा

विहारात गेलो. त्रिसरण, पंचशील झालं. डोळे मिटून बसलो आणि मन खिशातल्या मोबाइलकडं. तो दोनदा थरथरला. कोण असेल, काय लिहिलं असेल. लहानपणी माय म्हणायची, ध्यानात बसलेल्याच्या नाकावर माशी बसते ती त्याची परीक्षा घ्यायला. माझी माशी खिशात होती.

बाहेर आल्यावर चप्पल घालायच्या आधी पाहिलं. दोन्ही मितूचे निरोप. 'पप्पा, बघितलं का?' आणि 'बघा ना'.

पण फोटो बऱ्याच लोकांना आवडला आहे. त्यातले निम्मे तरी नात्यातले नाहीत. एक बाई लिहितात, शेळी केवढ्याला?

८ नोव्हें.

आज दोन निरोप.

पहिला लातूरहून. वैशालीताई, शाळेत शिकवतात. आईच्या साड्या आहेत, वाकळ शिवून द्याल का. दुसरा पुण्याच्या रेवती मॅडमचा. हाताने केलेल्या वस्तूंचं दुकान आहे त्यांचं. भिंतीवरची ती वाकळ नमुना म्हणून पाठवा, पसंत पडली तर अशा वीस घेईन.

वीस. सु.ला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "इसनंतर काय लिव्हलंय?"

"काही नाही. वीसच."

"मग तव्यावरची उलटा तेवढी."

पण नंतर तिनं पेटीतून दोऱ्याची रिळं काढली आणि मोजत बसली.

९ नोव्हें. रवि.

वैशालीताई स्वतःच आल्या, एसटीनं, पिशवी घेऊन. चार सुती साड्या, एक इरकली. डांबराच्या गोळ्यांचा वास. सु.नं विचारलं, "आईचं नाव काय?" तिची रीत आहे ती. कोणाच्या अंगावरचं कापड आहे हे माहीत असल्याशिवाय कात्री लावत नाही. ताई म्हणाल्या, "पार्वती." सु. म्हणाली, "बरं," आणि साड्या उलगडून उन्हात टाकल्या.

१२ नोव्हें.

पुण्याचा नमुना बांधला. घडी मी घातली, तीस वर्षं घड्या घालतोय. सु.नं नेहमीसारखा एका कोपऱ्याला वीतभर भाग उघडा सोडला होता, त्यात सुई-दोरा खोचलेला. आमच्याकडं वाकळ अशीच देतात. शेवटचे चार टाके पांघरणाऱ्यानं घालायचे. हे मायनं सु.ला शिकवलं, मायला तिच्या मायनं. पोस्टातल्या माणसानं विचारलं, आत काय? म्हटलं, वाकळ. तो म्हणाला, "आमची आजी शिवायची." पावती जपून ठेवली.

१६ नोव्हें.

वेचणीच्या बायकांची टोळी कौसाबाई जमवते. आज दारात आली. "सुमे, येतीस का उद्यापून? टेम्पोत एक जागा हाय."

"पंधरा दिस थांब गं."

"का? जावई येऊन राहिला का?"

"पुण्याहून आर्डर येऊन राहिलीय," सु. म्हणाली. बायकांसमोर पहिल्यांदाच बोलली असं. मी आत माप घेत होतो, माझा फीत धरलेला हात थांबला. गिऱ्हाईक म्हणालं, मास्टर, कंबर किती? मी सांगितलं ते चूक सांगितलं.

कौसाबाई जाताना म्हणाली, "आर्डर येऊ दे बया. आमच्या पोरी मोबाइलात काय बघतात ते तरी कळंल."

२३ नोव्हें. रवि.

पार्वतीबाईंची वाकळ तयार. मधोमध इरकली, भोवती चार साड्यांचे पट्टे, टाके ज्वारीच्या दाण्यासारखे एकसारखे. मशीनवर असं होत नाही. हे मला बरीच वर्षं मान्य करवत नव्हतं.

वैशालीताई न्यायला आल्या. वाकळ उलगडली, हात फिरवला, उघडा कोपरा दिसला. पर्समधून चष्मा काढला, दुकानातल्या बाकावरच बसल्या आणि खोचलेली सुई उपसून टाके घालायला लागल्या. लांब लांब, तिरके. चार म्हणता सहा झाले. मग नाक पुसून म्हणाल्या, "आईनं पाहिलं असतं तर उसवायला लावलं असतं."

सु. म्हणाली, "राहू द्या. तेवढेच वळखू येतील."

मी फोटो काढला. वाकळीचा. ताईंचा नाही.

२५ नोव्हें. मंगळ

आजचा दिवस वाईट.

पुण्याच्या मॅडम गावाला गेल्या होत्या, आल्यावर पार्सल उघडलं. निरोपात फोटो. कोपऱ्याभोवती लाल गोल काढलेला. 'वाकळ अर्धवट शिवलेली आहे आणि आत सुई सापडली. माझ्या हाताला लागली असती. गिऱ्हाइकाला लागली असती तर?'

तीस वर्षांत माझ्या दुकानातून कपड्यात सुई राहून गेलेली नाही. एक गुंडी सैल गेली नाही. आणि आता पुण्यात कोणीतरी म्हणतंय अर्धवट. घाईनं लिहिलं, माफ करा, वाकळ अर्धवट गेली, सुई आत राहिली, आमची चूक झाली, पुन्हा असं होणार नाही. पाठवून दिलं. पाणी प्यायलो.

तासाभरानं मितूचा फोन. "पप्पा, ते काय टाकलंय तुम्ही?"

"मॅडमला उत्तर दिलं."

"मॅडमला न्हाई. पेजवर टाकलंय. सगळ्यांना दिसून राहिलंय."

वहीत लिहून घेतलं होतं तरी बटण चुकलं. खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली होती. टेलर झोपला वाटतं. सुई फुकट का? आणि त्याच्याखाली वैशालीताई, लातूर, 'अर्धवट कशी? कोपरा आपणच शिवायचा असतो.'

मितू म्हणाली काढून टाका. कसं काढायचं ते सापडेना.

२६ नोव्हें.

सु.ला मी सांगणार होतो. त्याआधी कौसाबाईच्या पोरीनं दाखवलं.

चूल पेटवत होती. वळून न बघता म्हणाली, "माफी कशाची मागितली?"

"सुई होती ना आत."

"सुई म्या ठेवली. चुकून न्हाई राहिली. मग माफी कशाची?"

मी म्हटलं, त्या लोकांना रीत माहीत नाही. वीस वाकळी आहेत. कोपरा बंद करून दे. तुला जड वाटत असेल तर मशीनवर मी मारतो, एका मिनिटाचं काम आहे.

तेव्हा वळली. "मग समदीच मशीनवर मारा की. माझं काय काम?"

थोड्या वेळानं चहा दिला आणि म्हणाली, "पुरी करून दिली तर ती इकत घेतलेली चादर झाली. ज्याला पांघरायची त्याचा हात लागाया पायजे. हे मला कोणी शिकवलं? तुमच्या मायनं. आन् तुमी तिलाच चूक म्हणून मोकळे झालात, समद्या दुनियेसमोर."

चहा पिऊन दुकानात आलो. हमीदभाईंनी त्यांच्या भाच्याला फोन लावून ते माफीचं काढून टाकायची युक्ती विचारली. निघालं. पण ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं.

२८ नोव्हें.

मॅडमचा फोन. आवाज गोड आहे, रागावलेल्या नव्हत्या. मी रीत सांगितली. त्या एकदम खूश. "अहो, ही तर सुंदर गोष्ट आहे. आपण ती कार्डावर छापू आणि प्रत्येक गोधडीला बांधू."

मी म्हटलं, म्हणजे कोपरा उघडा चालेल?

"नाही नाही, कोपरा बंदच द्या. लोक शिवत बसत नाहीत हो. गोष्ट कार्डावर असेल ना."

दहा तारखेपर्यंत कळवा म्हणाल्या. बंद करून देणार असाल तर वीस.

सु.ला सांगितलं. ती इतकी हसली की पदर तोंडाला लावला. "म्हंजे जेवणाचा फोटू देयाचा आन् ताट झाकून ठेवायचं."

हसली, पण हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

२ डिसेंबर

सु. काल आणि आज वेचणीला गेली. पंधरा दिवस झाले होते, कौसाबाईनं जागा धरून ठेवली होती. मी म्हटलं नको. "दहा तारखेचं तव्हा बघू. तंवर बसून काय करू?"

संध्याकाळी वाकळीला बसली, लातूरच्याच दुसऱ्या एका बाईंची. बोंडांच्या टोकांनी बोटं चिरली आहेत. दोरा कातडीत अडकतो. दर दोन टाक्यांनी थांबून दोरा सोडवत होती. मी माझा अंगुस्ताना दिला, शिवताना बोटात घालायची टोपी. तिच्या बोटाला मोठा होतो.

पेजवर आज तीन निरोप. एक म्हणे सुईवाली गोधडी तुमचीच का? चिडवायला असेल म्हणून सोडून दिलं. मग वाटलं, खरंच विचारत असेल तर? लिहिलं, हो आमचीच. या वेळी बटण नीट बघून. त्यांचं उत्तर आलं, 'आमच्या निलंग्याला पण असंच सोडायचे. पाठवाल का एक?'

उठून हमीदभाईंना दाखवून आलो. "देखो मास्टर," म्हणाले, "बदनामी बी काम आती."

६ डिसें.

दुकान बंद. पांढरे कपडे. विहारात दिवस गेला.

बसल्या बसल्या मायचा विचार येत राहिला. माय निरक्षर, पण विहारातली कुठलीही गाथा मध्येच सोडली तर तिथून पुढं म्हणायची. गुरुजींनी आम्हा पोरांना शाळेत 'गाळलेल्या जागा भरा' शिकवलं तेव्हा मी घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग गुरुजीला समदं येतं की. तुमच्यासाठी ठेवतो जागा."

सु.च्या म्हणण्यात आणि यात फरक नाही, हे आज कळलं. उशिरा कळलं.

७ डिसें. रवि.

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवतो.

मितू आली होती. म्हणाली, "लोकांना शिवायचं कसं ते माहीत न्हाई म्हणून भेतात. व्हिडिओ टाकू. आई, तू दाखव कोपरा कसा शिवायचा."

सु. म्हणाली, "म्या कामून दाखवू? माझा कोपरा न्हाईच तो. ज्याचा उघडा हाय त्यानं दाखवावा." आणि माझ्याकडं बघितलं.

मितूला कळेना. मला कळलं.

माय गेली त्याला सहा वर्षं झाली. त्याच हिवाळ्यात सु.नं तिच्या लुगड्यांची वाकळ शिवली, कोपरा सोडला, सुई खोचली आणि माझ्या हातात दिली. मी म्हटलं, उद्या शिवतो. वाकळ पेटीत गेली. रोज दहा तास सुई चालवणारा माणूस मी, चार टाके घालू शकलो नाही. घातले की झालं, संपलं, असं काहीतरी वाटायचं. सु. सहा वर्षांत एकदाही बोलली नव्हती.

तिनंच पेटी उघडली. वाकळ बाहेर आली. खोचलेली सुई गंजून गेली होती, कापडावर तिचा तांबूस डाग उमटलेला. मितूनं हात लावला आणि म्हणाली, "आज्जीचं हिरवं लुगडं."

दुकानासमोर ओट्यावर बसलो, उजेड पुढून. मोबाइल हमीदभाईंनी धरला, त्यांचा हात घड्याळवाल्याचा, हलत नाही. मितू म्हणाली, पप्पा, बोला काहीतरी. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, ही माझ्या मायची वाकळ म्हणालो. नवी सुई ओवली. पहिला टाका घातला तो सवयीनं बारीक पडला, काजाला घालतो तसा.

बाजूनं सु.चा आवाज, "शर्ट न्हाई ते. मोठा घाला."

दुसरा मोठा घातला. ती म्हणाली, "आसं." तिसरा घातला. तिसऱ्यानंतर दोरा संपला. जुनाच दोरा वापरला होता, सहा वर्षांपूर्वी तिनं सोडला तेवढा, त्यातला निम्मा ओवताना कुजून तुटला. हमीदभाई म्हणाले, "बंद करूं क्या?" मितू डोळे पुसत होती, तिनं मानेनंच हो म्हटलं.

टाकताना मितू म्हणाली, आईचा आवाज कापते. मी म्हटलं कापू नको. सु. म्हणाली, "राहू दे. तोंड तर न्हाई ना दिसत?"

ओळी मी लिहिल्या. 'माफी मागितली होती ती चुकून मागितली. आमच्या वाकळीचा कोपरा उघडाच येतो. सुई आम्हीच ठेवतो. आता वाकळीवरच्या खिशात, कागदात गुंडाळून ठेवू, म्हणजे लागणार नाही.' खिशाची कल्पना माझी. छोटा, बटणाचा, मी शिवणार. सु.ला दाखवला. म्हणाली, "हे बरं केलंत." तीस वर्षांत माझ्या शिलाईला इतकं म्हणाली नव्हती.

८ डिसें.

पेज बघायला वेळ पुरत नाही. लोक त्यांच्या घरच्या वाकळींचे फोटो टाकत आहेत, कोपऱ्याचे. औशाच्या एका माणसानं लिहिलं आहे, बायको बाळंतपणाला गेली, कोपरा ती आल्यावर शिवू. कोणी भांडतही आहेत, चार टाके की पाच. तीन वाकळी सांगितल्या गेल्या. वीस नाहीत, तीन. पण तिन्ही उघड्या.

एकानं लिहिलं, धंद्यासाठी मायच्या नावाचं नाटक. वाचून वाईट वाटलं, मग त्याचा फोटो पाहिला. मितूएवढाच आहे. मंगल होवो त्याचं.

पुण्यालाही कळवलं, कोपरा उघडाच येईल, चालेल का? तिकडून काही नाही.

९ डिसें. मंगळ

पहाटे गारठा होता. मायची वाकळ पांघरली, पहिल्यांदाच. कोपऱ्याला चौथ्या टाक्याएवढी फट आहे, तिथून पायाच्या अंगठ्याला वारा लागतो. सु. म्हणाली आज घाला तो. म्हटलं, घालतो.

दुपारी खिसे शिवत होतो. मोबाइल थरथरला, पण मी शिलाई पुरी करून मगच पाहिला. रेवती मॅडम. मला वाटलं हो किंवा नाही असेल.

ना हो, ना नाही. एवढंच विचारलं आहे, 'व्हिडिओ पाहिला. माझ्याकडच्या गोधडीतला दोरा काढताना तुटला. कोणत्या रंगाचा वापरू?'

वीस वाकळींचं अक्षर नाही. उद्या दहा तारीख.

घरी जाऊन सु.ला वाचून दाखवलं. ती वाकळीवरच बसली होती, बोटाला माझा अंगुस्ताना, आत चिंधी भरून घट्ट केलेला. तेवढ्यात कौसाबाई दारात. "सुमे, सकाळी येतीस का न्हाई? टेम्पोवाल्याला सांगायचंय."

सु. मला म्हणाली, "लिव्हा तिला. कोणताबी. हाताला गावंल तो."

मग कौसाबाईला म्हणाली, "बस. चहा घे. सांगते."